ती वाचते ना?

दुपारचे सव्वातीन वाजले असतील. आमच्या घरचा जुना, वायरचा फोन वाजला. पलीकडून एका बाईंचा जरा बिचकत बोलणारा आवाज आला.

"पानशेतच्या पुरावर पुस्तक लिहिलंय, त्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मी पाटण तालुक्यातून बोलतेय. आमच्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना दिसत नाही वाचायला. जेवणं उरकली की मी रोज पाच-सहा पानं वाचून दाखवते. आज पान २१७ वर आलोय. त्यांनी पुस्तक मिटायलाच लावलं. म्हणाल्या, आधी त्या बाईंना फोन लाव. सुमी वाचत असेल तर पुढचं ऐकते, नाहीतर उद्या पुस्तक ग्रंथालयात देऊन टाक."

मागून एक म्हातारा, पण खणखणीत आवाज आला. "विचारलंस का? ती वाचते ना?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. सुमी ही माझ्या कादंबरीतली मुलगी, आणि पहिल्या तीन खर्ड्यांमध्ये ती पुरातून वाचली नव्हती.

त्यांना माझा नंबर मिळाला तो पुस्तकातल्याच चौथ्या पानावर. मराठी पुस्तक उघडलं की आधी नुसतं नाव छापलेलं पान येतं, मग शीर्षकाचं पान, आणि त्याच्या पाठीवर हे चौथं. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रक, अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं, किंमत किती, आणि त्यातच कुठेतरी लेखकाचं नाव, घरचा पत्ता, फोन. बहुतेक लोक हे पान उलटून पुढे जातात. मी लहानपणापासून आधी तेच वाचते. आठवीत असताना मला एक कादंबरी इतकी आवडली होती की चौथ्या पानावरचा सदाशिव पेठेतला पत्ता वहीच्या मागे उतरवून घेतला आणि शाळा सुटल्यावर सायकल काढून तिथे गेले. लाकडी जिना होता, वर दाराशी पाटी होती. खाली उभी राहून मी ती पाटी तीनदा वाचली. वर जायचं धैर्य झालं नाही. पण त्या जिन्याच्या वरच्या टोकाला हे पुस्तक लिहिणारा माणूस आत्ता बसलेला असेल, चहा पीत असेल, हे कळल्यावर माझ्यात काहीतरी कायमचं बदललं. पुस्तकं माणसं लिहितात आणि ती माणसं आपल्याच पेठांमध्ये राहतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

कादंबरी लिहायला मला सात वर्षं लागली. सहकारी बँकेत नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण. पहाटे साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ माझा होता. शाळेच्या दोनशे पानी वह्यांमध्ये लिहीत गेले. विषय शोधावा लागला नाही, तो घरात होता. माझी आई शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळातल्या वाड्यात वाढली. १२ जुलै १९६१ ला ती नऊ वर्षांची होती.

पुण्यातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण मातीचं, काम पुरतं झालेलं नसतानाच त्यात पाणी भरत गेलेलं. आदल्या रात्री पावसात जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं आणि पुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली. नदीकाठच्या पेठा, ओंकारेश्वर, डेक्कनचा सखल भाग, सगळं मुठेच्या पोटात. आईच्या मामानं तिला कौलांवर चढवलं आणि आजीच्या नऊवारी लुगड्यानं कमरेला बांधून दुसरं टोक आढ्याला बांधलं. आई सांगते, पाण्याची भीती नंतर विसरायला झाली, पण त्या गाठीचा काच विसरत नाही. ओलं लुगडं आवळत जातं. आजही साडी नेसताना ती निरीची गाठ सैलच ठेवते.

ती गाठ माझ्या कादंबरीच्या मध्यावर आहे. फक्त माझ्या कादंबरीत ती सुटते.

तीन खर्डे झाले तोवर मी आईला काही वाचायला दिलं नव्हतं. तिसऱ्याच्या वह्या दिल्या तेव्हा तिनं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर वह्या नीट रचून उशाशी ठेवलेल्या. म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. पण सुमीला मारलंस कशाला? मी आहे की जिवंत."

मी तिला समजावायला लागले. कादंबरी वेगळी असते, सुमी म्हणजे तू नव्हेस, एवढी माणसं गेली त्यांचं दुःख कुठेतरी यायला नको का. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गेलेल्यांचं लिहायलाच पाहिजे. पण जे उरले ते कसे उरले, ते कोण लिहिणार? पुढे साठ वर्षं काढायची असतात माणसाला."

चौथा खर्डा लिहायला दीड वर्ष गेलं. मेलेल्या मुलीचा शेवट मी बारा पानांत लिहिला होता. जिवंत मुलीला शाळेतल्या छावणीत झोपायला लागतं, दुसऱ्याच्या मापाचा फ्रॉक घालायला लागतो, घोंगडीला चिखलाचा वास येतो म्हणून रडायला लागतं, आणि आई सापडल्यावर तिला ओळख न दाखवता नुसतं बघत बसायला लागतं. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. रोज रात्री आईच्या खोलीत बसून मी विचारत होते, ती आठवून सांगत होती, आणि पहाटे मी लिहीत होते.

हस्तलिखित घेऊन फिरण्याचा काळ मी थोडक्यात सांगते. एका प्रकाशनसंस्थेकडून अकरा महिन्यांनी ते परत आलं, मी बांधलेल्या दोऱ्याची गाठ तशीच होती. दुसरीकडच्या संपादकांनी मात्र मनापासून वाचलं होतं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की मुलगी गेली असती तर शेवट कितीतरी परिणामकारक झाला असता, तेवढा बदल केलात तर आम्ही छापतो. वयानं, वाचनानं मोठे गृहस्थ होते. मी आदल्या रात्रीपर्यंत कुणी छापेल का या काळजीत होते, आणि तरी 'नाही' म्हणायला मला एक क्षणही लागला नाही. जिना उतरताना पाय कापत होते. लक्ष्मी रोडवर येऊन मी उसाचा रस प्यायले आणि घरी गेले. आईला हे कधी सांगितलं नाही.

पुढे अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लहान प्रकाशकांनी पुस्तक घेतलं. डेमी आकार, ३०४ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोबर १९ फर्मे. पहिली आवृत्ती ५०० प्रती. मुद्रितं तपासायला मी बँकेतून परस्पर चौकात जायचे. दहावीच्या गाइडांचे गठ्ठे, वह्यांचे ढीग, हातगाड्या, त्या गर्दीतून कागदाची पिशवी छातीशी धरून चालताना वाटेत आनंदाश्रम ही जुनी ग्रंथसंस्था लागते. कादंबरीकार हरिभाऊ आपटे तिथलं काम पाहत. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं छापून येत गेल्या. गोष्ट लिहून पुरी व्हायच्या आधीच वाचणारे लोक तिच्यात राहायला आलेले. त्या दाराशी मी दर वेळी थोडी थांबायचे. पाया पडायची मला सवय नाही, पण तिथे हात जोडले जायचे.

शेवटच्या मुद्रितात चौथं पान आलं तेव्हा प्रकाशक म्हणाले, "ताई, फोन नंबर नको. हल्ली ई-मेल देतात. कोण कधी फोन करेल, सांगता येत नाही. त्रास होईल तुम्हाला." काळजीनंच म्हणत होते. मला तो लाकडी जिना आठवला. मी म्हटलं, पत्ताही राहू दे, नंबरही राहू दे.

प्रकाशन साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात झालं. चाळीस-पंचेचाळीस माणसं होती, त्यातली तीसेक नात्यातली आणि बँकेतली. आई पहिल्या रांगेत बसली होती, कमरेला पदर खोचून. मग चार महिने काहीही झालं नाही. एक अक्षर नाही, एक फोन नाही. वर्तमानपत्रात 'पुस्तक-पोच' मध्ये दोन ओळी आल्या. मी रोज कामाला जात होते, लोक नेहमीसारखे बोलत होते. सात वर्षं जे माझ्या आत चाललं होतं ते बाहेर आलं होतं आणि कुणाला त्याचा आवाजही आला नव्हता. त्या चार महिन्यांत मी काही लिहू शकले नाही.

पहिला फोन आला तो एका रविवारी सकाळी. गोखलेनगरमधून. पुरात घर गेलेल्या कितीतरी कुटुंबांना तिथेच वसवलं, हे गृहस्थ त्यातलेच. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पान २२६, खालून सहावी ओळ. काढा पुस्तक."

मी काढलं.

"१३ जुलैला सकाळी सुमीच्या आईनं नळाखाली बादली लावली असं लिहिलंय. बाई, नळाला पाणी कुठून येणार? ज्या धरणातून शहराला पाणी यायचं तेच वाहून गेलं होतं."

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. खडकवासला फुटल्याचं मी स्वतः ४० पानं आधी लिहिलं होतं. सगळं शहर पाण्यानं भिजलेलं, आणि प्यायला पाणी नाही. एवढी उघड गोष्ट सात वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. आईच्याही आली नव्हती, नऊ वर्षांच्या मुलीला पाणी कुणीतरी आणून देतं. ते गृहस्थ तेव्हा वीस वर्षांचे होते. गाळ न शिरलेली विहीर शोधत किती वाडे फिरलो, तुरटी फिरवून उकळलेल्या पाण्याला कसा वास यायचा, म्हाताऱ्या आजोबांना कपभर पाणी मोजून कसं दिलं, हे सगळं त्यांनी अर्धा तास सांगितलं. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलेलं, त्यामुळे पान आणि ओळ सांगितल्याशिवाय बोलायचे नाहीत. शेवटी म्हणाले, "बाकी पुस्तक खरं आहे. म्हणून ही ओळ खटकली. खोटं असतं तर फोन केला नसता."

मला मिळालेल्या कुठल्याही कौतुकापेक्षा हे वाक्य मी जास्त जपून ठेवलंय.

दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ बदलली. आता तिथे असं आहे: तिनं सवयीनं नळ सोडला. नळ कोरडा होता. प्रत हातात आली त्याच दिवशी मी गोखलेनगरला गेले. त्यांनी मुखपृष्ठ बघितलं नाही, अर्पणपत्रिका बघितली नाही. थेट २२६ उघडलं, खालून बोटानं सहा ओळी मोजल्या आणि ओठ हलवत वाचलं. मग चष्मा काढून पुसत राहिले. आतून त्यांच्या पत्नी तांब्या-भांडं घेऊन आल्या. "पाणी घ्या," म्हणाल्या. मी घेतलं, पुरं प्यायले. आम्ही तिघंही काही बोललो नाही.

त्यानंतर फोन येत राहिले. खूप नाहीत, महिन्यात चार, कधी सात. बहुतेक ग्रंथालयाच्या प्रतीवरून. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ११-१२ हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, आणि मराठी कादंबरीचा खरा वावर तिथे असतो हे मला या फोनमुळे कळलं. पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी, आत तारखांचे शिक्के, कुणीतरी पेन्सिलीनं 'छान' लिहिलेलं. पुस्तकाच्या दुकानात कधीही न गेलेली माणसं मला ग्रंथालयाच्या ओसरीवरून फोन करत होती. सांगोल्याचे एक निवृत्त एसटी कंडक्टर दर प्रकरणानंतर एक फोन करायचे, अशी २३ प्रकरणं, आणि दर वेळी आधी "डिस्टर्ब तर नाही ना?" हे विचारायचे. राज्यसेवेचा अभ्यास करणारा, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा पुस्तक हातात घेऊन बोळ शोधत फिरला. "मॅडम, पान ९६ वरचा वाडा नाही राहिला, तिथे सहा मजली इमारत आहे. पण तुम्ही लिहिलेलं बोळाचं वळण अजून तसंच आहे. मी तिथे उभा राहून ते पान परत वाचलं." त्याच्या खोलीत पाच मुलं राहत होती, पुस्तक पाचही जणांनी वाचलं. परीक्षेला त्याचा काही उपयोग नव्हता.

लिहिताना माझ्यासमोर वाचक नव्हता. खरं सांगायचं तर मला वाटायचं, वाचक म्हणजे पुस्तक संपल्यावर येणारं काहीतरी, फुलांसारखं, शालीसारखं. पण ही माणसं पुस्तकाच्या आत शिरून वस्तू हलवत होती, नळ तपासत होती, बोळात उभी राहत होती. सुमी आता माझ्या एकटीच्या ताब्यात नव्हती, आणि याचं मला जे सुख झालं ते मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. बाळंतपणानंतर घरात बाळाला घ्यायला चार हात असावेत, तसं.

तर त्या दुपारी पाटणच्या बाईंना मी सांगितलं, "वाचते. त्यांना सांगा, पान २४१ वर सापडते."

पलीकडे त्यांनी मागे वळून सांगितलेलं मला ऐकू आलं. म्हातारीचं उत्तर ऐकू आलं नाही. फोन ठेवला गेला.

आठ दिवसांनी त्याच वेळी परत फोन. या वेळी सासूबाई स्वतः बोलल्या.

"संपलं बघा काल. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी भित्री आहे. मी भित्री न्हाई. भूकंपात माझी बहीण गेली. कोयनेच्या. मी सोळा वर्षांची, ती सात. एका वाकळंत निजलो होतो. पहाटेचं भिंत आली ती तिच्या अंगावर आली."

११ डिसेंबर १९६७. कोयनानगरच्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हा आकडा मला माहीत होता. त्या आकड्यातली एक सात वर्षांची मुलगी आता माझ्या फोनमध्ये होती.

"म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या. "परत एकदा ऐकायचं नव्हतं मला. तुम्ही वाचवली तिला, बरं केलं."

ते श्रेय माझं नव्हतं. मी त्यांना सांगून टाकलं की आधी मी मारली होती. कुणी वाचवली तेही सांगितलं.

त्या जरा थांबल्या. "म्हणजे ती खरीच हाय? कुठं असती?"

आई आतल्या खोलीत दुपारची पडली होती. या फोनची वायर तिच्या पलंगापर्यंत पोचते. मी फोन उचलून तिच्याकडे नेला, तिला उठवून बसवलं, म्हटलं, तुझ्याशी बोलायचंय त्यांना. आईनं केस सारखे केले, जणू समोर कुणी येऊन बसलंय, आणि रिसीव्हर कानाला लावला.

मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. हो, मीच. हो, लुगड्यानं. नाही, सुटली नव्हती गाठ, ते हिनं लिहिलंय. हो, अजून वळ आहे. मग आई बराच वेळ काही बोलली नाही. खिडकीतून उन्हाची तिरीप पलंगावर आली होती, तिच्यात हात धरून बसली.

"तिचं नाव काय होतं हो?" आईनं विचारलं.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले.